सहापैकी शून्य

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा सगळी पोरं ताडकन उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, शिकवायला आली. मीही लगेच बसा म्हटलं नाही. म्हटलं, होऊन जाऊ दे दोन मिनिटं थाट. मग सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा जी काही खसखस पिकली म्हणता! बेचाळीस वर्षांची होते मी. बाकीची सगळी अठरा-एकोणीसची. त्या दिवसापासून मी साऱ्या वर्गाची एजे झाले, म्हणजे थोरली बहीण. एजे, पेन आहे का? एजे, काही खायला आणलंय का? पेन नसायचं, पण खायला असायचं.

मी उमसुनाय. किरगिझ डोंगरांतल्या एकी-बुलाक गावच्या कचेरीत सतरा वर्षं सामाजिक कामाची बाई होते. म्हाताऱ्यांचे भत्ते, अपंगांचे दाखले, दारुड्यांच्या बायकांची रडगाणी, सगळं माझ्याच टेबलावर. शिक्षण म्हणाल तर शाळा पुरी झाली, तिथंच संपलं. मग एक दिवस वरून कागद आला की या जागेवर समाजकार्याची पदवी असलेलाच माणूस हवा, पाच वर्षांत पदवी दाखवा, नाहीतर खुर्ची सोडा. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. खुर्ची लाकडी होती आणि एक पाय आखूड होता, पण माझी होती हो!

माझ्या सासूला आम्ही एने म्हणतो. एने म्हणजे तोंडाचा पट्टा सुटला की थांबायचं नाव नाही. "सूनबाई," म्हणाली, "उठताना तुझे गुडघे कुरकुरतात, ते ऐकून मला जाग येते, आणि तू निघालीस पाटी घेऊन?" असं म्हणाली खरी, पण मी हिवाळ्यात तीन आठवडे आणि उन्हाळ्यात तीन आठवडे नारिनच्या महाविद्यालयात वर्गांना जायचे, तेव्हा गाई तीच पिळायची. सत्तरी ओलांडलेली बाई. आमचा माणूस मला गाडीनं सोडायला यायचा. उतरताना दर वेळी म्हणायचा, "नापास झालीस तर लगेच कळव, न्यायला येतो." हा त्याचा विनोद. पाच वर्षं एकच विनोद. संख्याशास्त्रात मी दोनदा आपटले तेव्हा मात्र तो हा विनोद करायला विसरला, आणि घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलला नाही. मी मनात म्हटलं, चांगला आहे बिचारा.

पाचव्या वर्षी शेवटची परीक्षा म्हणजे खरं कुटुंब. दोघा-दोघांच्या जोड्या पाडायच्या, जिल्ह्याच्या कचेरीनं दिलेल्या एका घरी जायचं, पाहणी करायची, अहवाल लिहायचा आणि जूनमध्ये परीक्षकांसमोर उभं राहून तो मांडायचा. पुढं जिल्हा त्याच अहवालावर निर्णय घेणार. तिथं पास तर पदवी. नापास झालात तर थेट पुढचा जून, आणि माझ्यासाठी पुढचा जून नव्हताच. कागदावरची मुदत याच जूनला संपत होती.

माझ्या जोडीला आली कुंदुझ. बावीस वर्षांची, बिश्केकमध्ये वाढलेली, घरात रशियन बोलणारी. हुशार पोरगी. संगणकावर तिची बोटं अशी चालायची की मला बघूनच घेरी यायची. आम्हाला मिळालं ते कोक-झार गावचं घर. घरातला धाकटा मुलगा मॉस्कोत इमारतीच्या कामावर होता, गेल्या शरदात तिथंच वरून पडून गेला. मागे त्याची बायको पेरिझात, वय चोवीस, आणि अडीच वर्षांची लेक अलिमा. मयताचा थोरला भाऊ एसेंगुल, तो शेजारच्याच घरात राहायचा. त्यानं जिल्ह्याकडे अर्ज केला होता की भावजय डोक्यानं कमी आहे, तिला माहेरी पाठवा आणि मुलीला माझ्या ताब्यात द्या.

पहिल्या भेटीला मी गेलेच नाही. त्याच दिवशी आमच्या गावात भत्त्यांच्या याद्या लागायच्या होत्या. कुंदुझ एकटी गेली. दोन दिवसांनी वीस पानं छापून घेऊन आली, सगळी रशियनमध्ये. "एजे, शेवटच्या पानावर सही करा, आगायना आजच द्यायचंय." आगाय म्हणजे आमचे मास्तर, रिस्पेक आगाय. मला रशियन वाचता येतं, पण बोट ठेवून, एकेक शब्द. मी पानं चाळली, वा वा म्हटलं आणि सही ठोकली. हो, न वाचता. इतकी वर्षं मी म्हाताऱ्या बायकांना सांगत आले होते, वाचल्याशिवाय कुठं सही करू नका गं बायांनो. आणि मी काय केलं? तेच! अजूनही आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं.

परीक्षेला तीन दिवस उरले तेव्हा प्रश्नांची तयारी म्हणून मी दुपारी शब्दकोश घेऊन बसले. एने शेजारी लोकर पिंजत होती. एकोणिसाव्या पानावर माझं बोट थांबलं.

"एने, ऐका जरा काय लिहिलंय. 'आईला मयत नवरा धरून सासरच्या सहा मोठ्या माणसांपैकी एकाचंही नाव सांगता आलं नाही. सहापैकी शून्य गुण. विचारल्यावर मान खाली घालते, ओठ हलवते, उत्तर देत नाही. बुद्धी मंद असावी. मुलीला काकाच्या ताब्यात द्यावं.'"

एनेचे हात थांबले. "कुणासमोर विचारलं?"

"सगळेच बसले होते म्हणे. सासरा, सासू, दीर, जाऊ."

"आणि पोरीनं नावं घेतली नाहीत."

"नाही."

"मग काय घेईल, कपाळ?" एने कडाडली. "सासरा समोर मांडी घालून बसलाय आणि सून तोंड वर करून त्याचं नाव घेईल? तू घेतलंस कधी? सव्वीस वर्षं झाली तुला या घरात येऊन!"

खरंच की. सव्वीस वर्षं मी माझ्या सासऱ्यांना मोठे म्हणते, नणंदेला गोरी म्हणते, नवऱ्याला तर नुसतं अहो. इतकं अंगवळणी पडलंय की कुणी विचारलं नाही तर लक्षातही येत नाही. कोक-झारची पोरगी मंद नव्हती. ती सभ्य होती. चांगल्या वळणाची सून होती, आणि त्या वळणापायी तिचं लेकरू तिच्यापासून तोडायला निघालो होतो आम्ही. खाली माझी सही!

"आता बसलीस काय बघत?" एने म्हणाली. "ऊठ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिस्पेक आगायांच्या दारात. कुंदुझलाही ओढून आणली होती. सगळं ऐकून आगायांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"उमसुनाय एजे, अहवाल दाखल झालाय. सही मागे घेतलीत तर अहवाल रद्द. अहवाल रद्द म्हणजे परीक्षा पुढच्या जूनमध्ये."

"मला पुढचा जून नाही, आगाय."

"म्हणून तर सांगतोय. आत्ता पास व्हा. मग पदवी हातात आल्यावर जिल्ह्याला पत्र लिहा."

"तोवर पोरगी काकाच्या घरात गेलेली असेल. एकदा गेलेलं लेकरू परत आणायला किती वर्षं लागतात ते तुम्ही पुस्तकातून सांगता, मी डोळ्यांनी बघितलंय."

त्यांनी अहवाल पुढे ओढून शेवटचं पान उघडलं. मग म्हणाले, "एक करता येईल. स्वतंत्र मत जोडा. दोन दिवस आहेत. पण परीक्षकांनी नापास केलं तर मी मध्ये पडणार नाही. अध्यक्ष बिश्केकहून येतायत, कालिपा असानोव्हना. रीतिरिवाज वगैरे म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात."

"पडू देत," मी म्हटलं.

बाहेर आल्यावर कुंदुझच्या डोळ्यांत पाणी. "एजे, मला खरंच माहीत नव्हतं हो. माझी आई तर आजोबांना नावानं हाक मारते. मला वाटलं हे आता संपलं."

"माहीत नसणं हा गुन्हा नाही. मला विचारायचंस."

"तुम्ही वाचायचं होतंत."

झालं! बावीस वर्षांच्या पोरीनं मला गप्प केलं. मग दोघी हसलो आणि कोक-झारच्या गाडीत बसलो.

घरी सगळे होते. मी आत बसलेच नाही. "सूनबाई, तुमच्याकडचं कुरुत फार चांगलं असतं असं ऐकलंय, दाखव बरं," म्हटलं, आणि पेरिझातला घेऊन मेंढ्यांच्या गोठ्यामागे उन्हात जाऊन बसले. कुरुत म्हणजे मीठ घालून वाळवलेल्या दह्याचे गोळे, कुठल्या घरी नसतात? तिनं एक पिशवीभर आणले. हडकुळी पोर, डोक्याला रुमाल, पाठीला बिलगलेली अलिमा. कुंदुझला मी एसेंगुलच्या बायकोशी गप्पा मारायला पाठवलं. गोठ्यामागे कुणी ऐकायला नव्हतं.

मी जमिनीवर रुमाल पसरला. "नावं नको सांगूस. हे गोळे मांड. घरात कोण कोण ते मला दाखव."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा हात पिशवीत गेला आणि बाई गं, नंतर तो थांबलाच नाही. सगळ्यात मोठा गोळा मधोमध ठेवला. "हे मोठे. रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेतात. पांढरी जेवणानंतर, आधी दिली तर पोट बिघडतं. डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून चहा मी उजवीकडून देते." त्याला चिकटून दुसरा. "या मोठी आई. खिडकीच्या पडद्याचा दोर ओढताना खांदा दुखतो, पण कुणाला सांगत नाहीत." मग थोडा दूर, टणक, कोपरे असलेला. "हे उंच भावजी. यांना कांदा चालत नाही. या त्यांच्या घरच्या, महिन्यातून दोनदा डोकं धरतं. ही दूरची ताई, माझी नणंद, कझाकस्तानात आहे, शुक्रवारी फोन करते, आणि केला नाही तर मोठे रात्री जेवत नाहीत." एवढ्यात अलिमानं उंच भावजींना उचललं आणि चाटायला सुरुवात केली. "अगं, काकांना ठेव खाली!" पेरिझात ओरडली, आणि पहिल्यांदा हसली. मीही हसून हसून डोळे पुसले.

पाच झाले. सहावा गोळा तिच्या मुठीत होता. ती मूठ काही उघडेना.

"याला कुठं ठेवू, एजे?"

पाच वर्षं शिकलेलं सगळं त्या क्षणी कुठं गेलं कोण जाणे.

"मी आमच्या ह्यांचं नाव कधीच घेतलं नाही," ती म्हणाली. "तीन वर्षांत एकदाही नाही. आता घ्यावंसं वाटतं. पण ऐकायला कोण आहे?"

पुस्तकात लिहिलंय, भेटीच्या वेळी रडू नये. मी रडले. दोघी रडलो. अलिमा तोंडात काका धरून आमच्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी परत गेले आणि पुन्हा सगळं मांडायला लावलं, वेगळ्या क्रमानं, वेगळे प्रश्न विचारून. एकही चूक नाही. कुंदुझनं त्याच दुपारी सगळं छापलं, या वेळी किरगिझमध्ये. मी सोळाही पानं वाचली आणि दोन ठिकाणी तिच्याशी भांडले. मगच सही केली.

परीक्षेच्या दिवशी पाच परीक्षक बसले होते. मधोमध कालिपा असानोव्हना, साठीची बाई, केस आवळून बांधलेले, समोर पाण्याचा पेला आणि टोकदार पेन्सिल. मागच्या रांगांत पोरं खच्चून भरलेली. कुंदुझनं आपली चूक आपल्याच तोंडानं सांगितली, घाबरत घाबरत का होईना. मग मी उठले. गोठा, कुरुत, दोन भेटी, पांढरी गोळी, डावा कान, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं की ही आई मंद नाही, पहिली चाचणी चुकीची होती, मुलीला आईपाशीच ठेवावं असं माझं मत आहे.

कालिपा असानोव्हनांनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही जिल्ह्याच्या छापील चाचणीऐवजी वाळलेलं दही वापरलंत."

हॉलमध्ये हशा. माझे कान तापले.

"वापरलं."

"रिवाज आहे म्हणून बाई नाव सांगत नाही, हे मी समजू शकते. पण हे एका कोपऱ्यातल्या खेड्याचं झालं. शिकलेली, नोकरी करणारी बाई, तिला सरकारी माणसानं विचारलं तर ती सांगेलच. आपण कुठल्या शतकात राहतो? याच्यावर तुम्ही एका मुलीचं भविष्य ठरवणार?"

आणि माझं डोकं फिरलं. खरं सांगते, ठरवून काही केलं नव्हतं. माझा स्वभावच तो. मोठ्यांदा म्हणाले, "मग सांगा ना. तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?"

रिस्पेक आगायांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, संपलं, खुर्ची गेली, पाच वर्षं पाण्यात.

"जरूर," कालिपा असानोव्हना म्हणाल्या. "माझे सासरे..."

त्या थांबल्या. तोंड उघडं होतं, शब्द येईना. गळ्यापासून लाली चढत चढत कपाळापर्यंत गेली. त्यांनी पाणी घेतलं, पेला खाली ठेवला, पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले. काही नाही. सासरे जाऊन वीस वर्षं झाली होती, हे मला मागाहून कळलं. तीन पुस्तकं लिहिलेली बाई, विद्यापीठात पस्तीस वर्षं शिकवलेली. पोरं श्वास रोखून बघत होती. शेवटी त्यांनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या! पोट धरून हसत होत्या.

"मला किती गुण?" त्यांनी विचारलं.

"शून्य, एजेकेय." मास्तरीणबाईंना आम्ही असंच म्हणतो. "सहापैकी शून्य."

"उरलेली पाच विचारू नका, तिथंही तेच होईल." मग त्या एकदम गंभीर झाल्या. "ठीक. मला गप्प केलंत म्हणून तुम्ही पास होत नाही. उद्या एखादी बाई खरोखरच गोंधळलेली असेल आणि तीही गप्पच बसेल. तुम्ही फरक कसा ओळखणार?"

हा प्रश्न मला आवडला. तीन रात्री मी त्याच्याशीच झुंजत होते. "एकटीला भेटणार," म्हटलं. "नावं नाही, माणसं विचारणार. कोण काय खातं, कुणाचं काय दुखतं, कोण कुणावर रागावलंय. हातात काहीतरी देणार, मांडून दाखव म्हणणार. दुसऱ्या दिवशी परत जाऊन उलट्या क्रमानं विचारणार. आणि सगळ्यात आधी, अहवाल कुणी लिहिलाय आणि तो कुणासमोर लिहिलाय ते वाचणार. सही करण्याआधी."

"आणि तुम्ही हे आधी का केलं नाहीत?"

"कारण मला वाटलं, शिकलेल्या पोरीनं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. सतरा वर्षांचं माझं शहाणपण मी घरी ठेवून वर्गात येत होते, एजेकेय. आता नाही ठेवणार."

त्यांनी पेन्सिल उचलली आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं. आम्हाला बाहेर पाठवलं. व्हरांड्यात कुंदुझनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. अर्ध्या तासानं आत बोलावलं. उत्कृष्ट. दोघींना. पहिला अहवाल रद्द, माझं मत जिल्ह्याकडे परीक्षकांच्या शिफारशीसह.

पोरांनी जी बोंब ठोकली! दोघांनी मला उचललं, आणि मी काही हलकी बाई नाही. "एजे! एजे! एजे!" मी ओरडत होते, सोडा रे मेल्यांनो, कंबर मोडेल. रडतही होते, हसतही होते, नाक पुसायला रुमाल सापडत नव्हता. आमच्या माणसाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नापास झालीस का? न्यायला येऊ?" मी म्हटलं, "या. आणि येताना एनेला घेऊन या." एने आली ती नवा रुमाल बांधून, आणि महाविद्यालयाच्या दारातल्या पहारेकऱ्यालाच आधी सांगितलं, "ही माझी सून. गुडघे कुरकुरतात, पण डोकं चालतं."

पदवीचा कागद हातात आला आणि तिसऱ्याच दिवशी जिल्हा कचेरीत अलिमाच्या प्रकरणाची बैठक लागली. तज्ज्ञ म्हणून मला बोलावलं होतं. एका बाजूला एसेंगुल, टोपी गुडघ्यावर, चेहरा दगडाचा. पेरिझातचा म्हातारा सासरा त्याच्या शेजारी. दुसऱ्या बाजूला पेरिझात, मांडीवर अलिमा.

"ही बाई कोण?" एसेंगुल म्हणाला. "एका खेड्यात भत्त्यांचे अर्ज लिहिणारी! हिला काय कळतं? भावजय उद्या दुसरं लग्न करेल आणि माझ्या भावाचं लेकरू घेऊन जाईल. मला त्याच्या मागे काय उरलं? ही एकच पोर. घरातल्या माणसांची नावं सुद्धा माहीत नाहीत तिला!"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. पेरिझातनं गोठ्यामागे मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी अहवालात लिहिली नव्हती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं हळूच मान हलवली.

"एसेंगुल भाऊ," मी म्हटलं, "भाऊ गेल्यापासून तुम्ही रोज पहाटे तबेल्यात जाता. त्याचं खोगीर मांडीवर घेऊन बसता. पट्टे तेल लावून पुसता, कुणी त्यावर बसत नाही तरी. घरच्यांना सांगता घोड्याला पाणी दाखवायला गेलो होतो. दोनदा तुम्ही तिथं रडलात, आणि बाहेर येण्याआधी तोंड धुतलंत."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या बायकोलाही माहीत नाही."

"तिनंच," मी म्हटलं. "जिला तुमचं नाव माहीत नाही, तिनं. तोंड धुवायला गरम पाण्याची बादली तबेल्याच्या दाराशी कोण ठेवतं, असं तुम्हाला वाटतं?"

मग म्हाताऱ्यानं, जो पहिल्या भेटीपासून एक शब्द बोलला नव्हता, मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाळा, बास. माझी सून माझ्या घरी राहील. नात तिच्या आईजवळ राहील. उद्या तिला लग्न करायचं असेल तर मी स्वतः पाठवणी करीन, आणि नात दोन्ही घरी येईल-जाईल. तुझ्या भावाला हेच आवडलं असतं." एसेंगुलनं टोपी डोक्यावर चढवली. मग उठला, अधिकाऱ्याच्या टेबलावरचा आपला अर्ज स्वतःच्या हातानं घेतला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. जाताना अलिमाच्या डोक्यावरून हात फिरवला. पेरिझातकडे त्याला बघता येईना, पण तिच्यासमोर थांबला, आणि तिनं त्याला मान लववून वाट दिली.

अधिकाऱ्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. "आईकडेच. तज्ज्ञाची सही हवी. नाव आणि हुद्दा लिहा."

मी पूर्ण वाचला. मग लिहिलं: उमसुनाय झुनुशोवा, समाजकार्य पदवीधर. वय सत्तेचाळीस, अक्षर वाकडं आलं. येऊ दे, म्हटलं, आणि सही केली.